आधी शेतावर फोन, मग ओव्हन: घरच्या बेकिंगसाठी शेतातून माल कसा घ्यायचा आणि वापरायचा

मी नांदेडला राहते आणि सहा वर्षं झाली घरी बेकिंग करते, केक, नानकटाई, केळ्याचा ब्रेड, थंडीत कधीकधी पाव. सुरुवातीला मी आधी मोबाइलवर रेसिपी बघायचे, मग यादी घेऊन बाजारात जायचे आणि जे मिळेल ते आणायचे, मग आंबा आंबट निघाला की साखर वाढव, केळी कच्ची निघाली की दोन दिवस थांब, असं चालायचं. आता उलटं करते. अर्धापूरच्या बाजूला एका कुटुंबाचं शेत आहे, काका-काकू आणि त्यांचा मुलगा मिळून करतात, इसापूर धरणाच्या कॅनॉलचं पाणी येतं म्हणून केळी आणि हळद, बांधावर सीताफळाची झाडं, दोन म्हशी, काही गावरान कोंबड्या आणि रब्बीला घरापुरती ज्वारी. शनिवारी संध्याकाळी काकूंना फोन करते, "काकू, या आठवड्यात काय निघालंय?" आणि त्या सांगतील त्यावरून रविवारी काय भाजायचं ते ठरवते. एवढी एक सवय बदलली आणि माझ्या बेकिंगची चवच बदलली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोगी पडेल.

असं शेत शोधायचं कसं, तर आठवडी बाजारात. व्यापारी आणि शेतकरी यात फरक लगेच कळतो, ज्याच्यासमोर दोन-तीनच वस्तू आहेत, त्यापण एकसारख्या आकाराच्या नाहीत, माती लागलेली आहे, तो बहुतेक स्वतःचं आणलेला असतो. त्याच्याकडून दोन-चार आठवडे घेत राहा, गाव विचारा, नंबर घ्या आणि मग एकदा शेतावर येऊ का म्हणून विचारा. नाही म्हणणारं माणूस मला तरी अजून भेटलं नाही. फक्त जायच्या आधी फोन करा, कारण हळद शिजवायची किंवा केळीची गाडी भरायची वेळ असली तर त्यांना तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते. आणि सकाळी जा, नऊच्या आत. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन चढतं, दुपारी आणलेलं फळ गाडीच्या डिकीतच अर्धं शिजतं.

भावाचं म्हणाल तर मी घासाघीस करत नाही. त्या दिवशीचा मोंढ्यातला किंवा बाजारातला भाव माहीत करून जाते, व्यापारी जागेवर काय देतोय आणि बाजारात आपल्याला काय पडतं याच्या मधला भाव दोघांनाही परवडतो. बेकिंग करणाऱ्यांचा एक मोठा फायदा आहे, आपल्याला देखणं फळ लागतच नाही. डाग पडलेली केळी, थोडं वेडंवाकडं डांगर, लहान मोसंबी, हा माल व्यापारी घेत नाही. पहिल्यांदा मी काळे ठिपके पडलेली केळी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "काय करायलाव ताई एवढ्या काळ्या केळांचं? म्हशीला टाकायले होते मी." दुसऱ्या रविवारी मी त्याच केळांचा ब्रेड घेऊन गेले, तेव्हापासून त्या स्वतःच बाजूला काढून ठेवतात. पण फुकट देत असले तरी फुकट घेऊ नका, कमी भावाने का होईना पैसे द्या. त्यांनी वर्षभर पाणी दिलंय त्या झाडाला.

आता केळी. व्यापाऱ्यासाठी घड हिरवाच कापतात, आपण शेतातून आणतो तीपण बहुतेक हिरवीच असतात. घरी पिकवायची तर फण्या वेगळ्या करून वर्तमानपत्रात गुंडाळून गोणपाटाखाली ठेवा, उन्हाळ्यात तीन-चार दिवसात आणि थंडीत सहा-सात दिवसात पिवळी होतात. पण बेकिंगला पिवळी चालत नाहीत हे लक्षात ठेवा. पिवळ्या केळात थोडा स्टार्च अजून राहिलेला असतो, ठिपके पडून साल मऊ झाली, हातात घेतल्यावर देठापाशी वास आला की त्याची साखर झालेली असते, तेव्हा वापरायची. एकदम सगळी पिकली तर सोलून डब्यात भरून फ्रीजरला टाका, वापरायच्या आधी बाहेर काढा, पाणी सुटेल ते फेकू नका, तेही पिठात घाला, गोडी त्यातच असते.

केळ्याच्या ब्रेडचं माझं प्रमाण असं आहे: सोललेली केळी ३०० ग्रॅम, म्हणजे मध्यम तीन. ती काट्याने कुस्करा, मिक्सरला लावू नका, चिकट होतं. त्यात १२० ग्रॅम चिरलेला गूळ घालून दहा मिनिटं ठेवा म्हणजे गूळ आपोआप विरघळतो. मग ८० मिली तेल, मी लाकडी घाण्याचं करडईचं वापरते, त्याचा खमंगपणा केळ्याशी छान जमतो, आणि १०० ग्रॅम दही. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम कणीक, एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि जायफळ किसून. कोरडं ओल्यात घालून फक्त पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा, जास्त फेटलं की कणकेला चिवटपणा येतो आणि ब्रेड रबरासारखा होतो. १७० डिग्रीला ५० ते ५५ मिनिटं. वरून लवकर काळा व्हायला लागला तर ३० मिनिटांनंतर वर फॉइल टाका, गुळाचं सगळंच साखरेपेक्षा लवकर लाल होतं, म्हणून तापमानही १८० नाही, १७० ठेवायचं.

गुळावरून आठवलं. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की वर्षाचा गूळ तिथूनच आणते. गडद तपकिरी गूळ बघून घ्या, अगदी पिवळाधमक पांढरट दिसणारा गूळ बहुतेक वेळा रंग उजळायची पावडर टाकून केलेला असतो. घरी आल्यावर एकदा एवढं करून बघा, थोडा गूळ गरम पाण्यात विरघळवून पातळ फडक्यातून गाळा. फडक्यावर काय राहतं ते बघा, वाळूचे कण, उसाच्या चिपाडाचे बारीक धागे. हे केकमध्ये दाताखाली आलं की सगळी मजा जाते. म्हणून ज्या रेसिपीत पाणी किंवा दूध आहेच तिथे मी गूळ त्यातल्याच पाण्यात विरघळवून गाळून, पूर्ण गार करून मग घालते. गरम दुधात गूळ टाकू नका, दूध फाटतं.

सीताफळाबद्दल मात्र नीट वाचा. आपल्या मराठवाड्याचं हे मोठं फळ आहे, बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बांधावरची झाडं लदलेली असतात, मग वाटतं की याचा केक करावा. मी केला होता, भाचीच्या वाढदिवसाला, दोन डझन सीताफळांचा गर काढून पिठात घातला आणि भाजला, आणि तो केक कडू झाला, एवढा की लेकरांनी पहिला घास खाऊन ताट बाजूला सारलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, नंतर कळलं. सीताफळाचा गर साधारण ६५ डिग्रीच्या वर तापला की कडवट होतो, म्हणून तर त्याची बासुंदी करतानाही दूध गार झाल्यावरच गर घालतात. तेव्हा सीताफळ ओव्हनमध्ये घालायचंच नाही. साधा व्हॅनिला किंवा वेलचीचा स्पंज भाजा, पूर्ण गार करा, मधून कापा आणि मध्ये गार चक्क्यात किंवा फेटलेल्या क्रीममध्ये मिसळलेला सीताफळाचा गर भरा. गर काढताना मिक्सर लावू नका, बी फुटली तर कडूपणा येतो आणि बी विषारी असते. स्टीलच्या मोठ्या भोकाच्या चाळणीवर गर टाकून हाताने घोळवा, बिया वर राहतात, गर खाली पडतो. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही. आणि ज्या दिवशी गर काढला त्याच दिवशी वापरा, ठेवला की काळा पडतो.

झाडावरून घेताना सीताफळाचे डोळे उघडले पाहिजेत, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेषा रुंद आणि पिवळसर पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. डोळे मिटलेलं फळ कितीही दिवस ठेवा, ते नुसतं काळं होऊन कडक पडतं. आंब्याचंही तसंच, पाड लागलेला म्हणजे झाडावर एखाददुसरा आपोआप पिकून पडायला लागलाय का ते विचारा, मगच त्या झाडाचे घ्या आणि घरी गवताची अढी घाला. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात काय येतं ते सांगता येत नाही, शेतातून घेतल्यावर ती काळजी राहत नाही. केसरचा रस केकमध्ये घालायचा असेल तर आधी जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर निम्मा होईपर्यंत आटवून घ्या. नाहीतर पाणीच जास्त होतं, केक मधोमध खाली बसतो आणि आंब्याचा वासही लागत नाही.

मोसंबीला दोन गोष्टी. एक, रस काढला की लगेच वापरायचा, तासाभराने तोच रस कडवट व्हायला लागतो. दुसरी, केकला खरा वास रसाने येत नाही, सालीने येतो. म्हणून शेतकऱ्याला सरळ विचारा की शेवटची फवारणी कधी केली. अलीकडेच केली असेल तर साल वापरू नका, फक्त रस घ्या, नुसतं धुऊन सगळं औषध निघत नाही. फवारून बरेच दिवस झाले असतील तर साल कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसा आणि बारीक किसणीवर फक्त वरचा पिवळा-हिरवा थर किसा, पांढरं लागलं की थांबा. किसलेली साल साखरेत घालून बोटांनी चोळा, साखर ओलसर होते आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो, तो वास आला म्हणजे तेल सुटलं असं समजा. मग १३० ग्रॅम ही साखर, १०० ग्रॅम दही, ७५ मिली तेल, १२० मिली रस, ९० ग्रॅम कणीक आणि ९० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, सात इंची भांड्यात १७५ डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं. मोसंबी लिंबासारखी आंबट नसते, तिच्या भरवशावर सोडा फुलत नाही, म्हणून यातलं दही काढू नका.

कणीक गिरणीतून दळून आणत असाल तर गिरणीवाल्या दादांना बेकिंगसाठी एकदम बारीक दळा म्हणून सांगा, आणि घरी आल्यावर परातीत पसरून गार होऊ द्या, गिरणीतून आलेलं पीठ चांगलंच गरम असतं. मैद्याच्या चाळणीने चाळा, राहिलेला कोंडा भाकरीत जातो. कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी ओढते, तेव्हा भिजवलेलं पीठ घट्ट वाटलं तर लगेच दूध ओतू नका, आधी दहा मिनिटं थांबून बघा आणि मग चमचा-चमचा वाढवा.

ज्वारीचं जरा वेगळं आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसत्या ज्वारीचा केक भुसभुशीत होऊन मोडतो, पण नानकटाईला तोच गुण उपयोगी पडतो. भाकरीला आपण विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा बघतो, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि थापताना भाकरी तुटते. नानकटाईला विरी गेलेलं पीठही चालतं, भाकरीला नको झालेलं पीठ असं मार्गी लागतं, फक्त आधी जिभेवर ठेवून बघा, कडू किंवा खवट लागलं तर अजिबात वापरू नका. प्रमाण: ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, कणीक ५०, बेसन ३०, तूप ११०, पिठीसाखर ९०, वेलची, चिमूटभर मीठ, पाव चमचा सोडा. ज्वारीचं पीठ आधी कढईत कोरडंच पाच मिनिटं मंद भाजून गार करून घ्या, कच्चट वास जातो. तूप थिजलेलं पाहिजे, रवाळ, पातळ नको. तूप आणि साखर पांढरं हलकं होईपर्यंत हाताने फेटा, मग पीठ घालून नुसतं गोळा करा, मळू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे तूप थिजतच नाही, तेव्हा फेटायच्या आधी तुपाची वाटी फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि वळलेल्या नानकटाया ट्रेसकट २० मिनिटं परत फ्रीजमध्ये, नाहीतर ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटतात. १६० डिग्रीला १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, म्हणून अजून भाजायच्या नादाला लागू नका, ट्रेवरच गार होऊ द्या, आपोआप खुसखुशीत होतात.

दूध-तूप-लोण्यासाठी छोटी सूचना. घरच्या लोण्यात ताक राहतं, ते धुऊन नीट पिळून काढलं तरी पाण्याचा अंश असतोच. रेसिपीत १०० ग्रॅम बटर असेल आणि तुम्ही तूप घालत असाल तर ८० ग्रॅमच घाला आणि एक मोठा चमचा दूध, कारण बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, तुपात जवळजवळ सगळाच. अंड्यांचंही वजन करा. गावरान अंडं बरंच लहान असतं, कोंबडीप्रमाणे ३५ ते ४५ ग्रॅम, आणि रेसिपीतलं एक अंडं म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरतात, म्हणून दोनच्या जागी मी कधी तीनही घालते. ताजं अंडं पाण्यात तळाला आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर फेका. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मगच पिठात घाला, एका खराब अंड्याने सगळं पीठ वाया जातं.

ओव्हन नसेल तर काही अडत नाही. जाड कढईत दोन बोटं वाळू किंवा मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा, मग भांडं ठेवून गॅस बारीक करा, ४५ ते ५५ मिनिटं लागतात. अर्ध्या तासाच्या आत झाकण उघडायचं नाही. कुकर वापरला तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, पाणी घालायचं नाही. ज्यांच्याकडे छोटा ओव्हन आहे त्यांनी व्होल्टेजकडे लक्ष द्या, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि १८० लावलं तरी आत तेवढं तापत नाही, वरून पांढरा आणि आत कच्चा केक निघतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेऊन ठेवा, त्याने माझे निम्मे प्रश्न सुटले. लाइट जायची वेळ माहीत असेल तर ती टाळून लावा. मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका, पंधरा-वीस मिनिटांत आली तर केक बहुतेक सावरतो.

पाव करणाऱ्यांसाठी एवढंच, मे महिन्यात यीस्टचं पीठ माठातल्या गार पाण्यात भिजवा, ४० मिनिटांत दुप्पट होतं आणि त्याच्यापुढे ठेवलं तर आंबूस होतं. जानेवारीत तेच पीठ दोन-अडीच तास घेतं. घड्याळ बघू नका, पीठ बघा, बोट दाबल्यावर खड्डा हळूहळू भरला पाहिजे.

आणि दिवाळीत चार-पाच किलो नानकटाई करायची असेल तर घरच्या ओव्हनमध्ये दिवसभर उभं राहण्यापेक्षा बेकरीत भाजून आणा, आपल्याकडे अजूनही बऱ्याच बेकऱ्या घरचं सामान घेऊन भाजून देतात. पण दिवाळीच्या आधी चार-पाच दिवस तिथे रांग असते, तेव्हा आठवडाभर आधी नंबर लावा, पीठ-तूप-साखर घरीच मोजून न्या आणि मळताना तिथे उभं राहा, म्हणजे दुसऱ्याच्या डालड्यात आपलं तूप मिसळत नाही. डबे घरून घासून पुसून उन्हात वाळवलेले न्या, आणि नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, बेकरीवाले घाई करत असले तरी उघड्या डब्यानेच घरी आणा, वरून फक्त सुती फडकं टाकून.